विसरण्याचा वेग
(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण, वाचकांसाठी थोडा फेरफार करून)





शिक्षकाला भाषणास उभे केले की तो परीक्षा, गुण आणि निकाल यांवरच बोलणार, अशी आपली समजूत असते. ती आज मी खोटी ठरवणार नाही. मी गुणांवरच बोलणार आहे. मात्र हे गुण मुलांचे नव्हेत, आपल्या घरातील बुजुर्गांचे. अल्झायमर या रोगात माणसाची स्मरणशक्ती, समज आणि व्यवहारबुद्धी उतरणीला लागते. हा उतार कोणत्या वेगाने चालला आहे हे कसे ओळखावे, एवढाच माझा विषय आहे. मी डॉक्टर नाही. परंतु हा रोग आमच्या घरात आला, काही वर्षे राहिला आणि माझ्या वडिलांचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारी मुले बडे अब्बा म्हणत असू, त्यांना घेऊन गेला. त्या काळात जे वाचले, जे विचारून घेतले आणि ज्या चुका केल्या, त्या आपल्यापुढे ठेवतो.

ही गोष्ट एकट्या आमच्या घराची नाही. आपल्या देशात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीतून निघाला आहे. म्हणजे शंभर वृद्धांमागे सातांहून अधिक. त्यातही पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण जास्त आढळले. स्मृतिभ्रंशाचे प्रकार अनेक आहेत. अल्झायमर हा त्यांतला सर्वांत अधिक आढळणारा.

बडे अब्बा मराठी शाळेचे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते. मोहल्ल्यात त्यांचा एक मान असा होता की, रमजान आला म्हणजे लोक आपापले कागद घेऊन त्यांच्याकडे येत आणि ते प्रत्येकाची जकात काढून देत. सोने किती, रोकड किती, येणे किती, देणे किती, आणि मग शेकडा अडीच. एका रमजानमध्ये त्यांनी कागद परत केले. म्हणाले, "डोळ्यांना त्रास होतो, यंदा दुसऱ्या कोणाकडून करून घ्या." आम्ही नवा चष्मा आणून दिला. चष्मा आणल्यावरही पुढच्या रमजानमध्ये त्यांनी कागद हाती घेतले नाहीत, आणि ही गोष्ट कोणाच्याही मनात खटकली नाही. आज वाटते, उताराची पहिली नोंद ती होती. ती आम्ही केली नाही.

वर्षभराने दूधवाल्याचे बिल दोनदा दिले गेले, तेव्हा त्यांना तपासणीस नेले. तिथे तीस गुणांची एक परीक्षा घेतात. बडे अब्बांना तिच्यात सत्तावीस गुण मिळाले. "वयोमानाप्रमाणे आहे," असे सांगण्यात आले. आम्ही आनंदाने परतलो, घरात मिठाईसुद्धा आली. पुढच्या वर्षी बावीस मिळाले आणि त्याच्या पुढच्या वर्षी सोळा. तेव्हा मला कळेना की, सत्तावीस खरे होते की सोळा खरे होते. हा प्रश्न मला बराच काळ सतावत राहिला आणि त्याचे उत्तर शोधता शोधता मी या विषयात शिरलो.

थोडा इतिहास सांगतो. १९०१ सालच्या नोव्हेंबरात जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या एका इस्पितळात ऑगस्टे डेटर नावाची एक्कावन्न वर्षांची स्त्री दाखल झाली. आलॉइस अल्झायमर नावाच्या डॉक्टरांनी तिच्यापुढे बसून अगदी साधे प्रश्न विचारले आणि तिची उत्तरे जशीच्या तशी लिहून ठेवली. नाव विचारले, तिने सांगितले. नवऱ्याचे नाव विचारले, तरी तिने स्वतःचेच सांगितले. जेवताना ताटात फुलकोबी होती आणि काय खाता असे विचारताच ती पालक म्हणाली. स्वतःचे नाव लिहायला सांगितले तर पहिला शब्द लिहून पुढचे विसरली. १९०६ च्या एप्रिलमध्ये ती वारली. डॉक्टरांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्यूबिंगेन येथील सभेत आपला शोध मांडला. पुढे १९१० साली क्रेपेलिन या मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांनी आपल्या ग्रंथात या रोगाला अल्झायमर यांचे नाव दिले. मला या हकिकतीत सर्वांत मोलाची वाटते ती ती फाइल. १९९५ साली ती पुन्हा सापडली तेव्हा तिच्यातले प्रश्न आणि उत्तरे वाचता आली, कारण डॉक्टरांनी "रुग्ण गोंधळलेली आहे" एवढेच लिहून सोडून दिले नव्हते. काय विचारले आणि काय उत्तर आले, हे त्यांनी लिहिले होते.

अनेक वर्षे असे मानले जात होते की, म्हातारपणी बुद्धी जाणे हा वयाचाच भाग. १९६८ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ या तिघांनी वृद्धांच्या घरच्यांना त्यांच्या रोजच्या व्यवहाराविषयी विचारले, वृद्धांचीही तोंडी परीक्षा घेतली, आणि मृत्यूनंतर मेंदूत साचलेल्या डागांची मोजणी केली. परीक्षेतले अपयश जितके मोठे, तितके डाग अधिक, असा मेळ त्यांना आढळला. त्यानंतर १९७५ साली अमेरिकेत फोल्स्टीन पतिपत्नी आणि मॅकह्यू यांनी मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन ही परीक्षा तयार केली. बडे अब्बांची घेतली ती हीच. तीस गुणांपैकी पाच वेळेला: साल, ऋतू, महिना, तारीख, वार. पाच ठिकाणाला. तीन शब्द ऐकून म्हणायचे आणि थोड्या वेळाने आठवून सांगायचे. शंभरातून सात-सात वजा करीत जायचे. वस्तूंची नावे, एक वाक्य लिहिणे, एक आकृती पाहून काढणे वगैरे. दहा मिनिटांत आटोपते. अल्झायमरच्या रुग्णांत या परीक्षेचे गुण वर्षाला सरासरी तीनच्या आसपास घटतात, असे पुष्कळ अभ्यासांतून दिसून आले आहे.

मात्र सरासरी म्हणजे काय, हे शिक्षकाला कोणी सांगायला नको. वर्गाची सरासरी पन्नास आली म्हणून प्रत्येक मुलाला पन्नास मिळालेले नसतात. कोणाचे गुण वर्षभर जागचे हलत नाहीत, कोणाचे सहा-सातांनी उतरतात. निदानानंतर माणूस सरासरी चार ते आठ वर्षे जगतो असे म्हणतात, पण काही जण वीस वर्षेही काढतात. त्यातच झोप नीट झाली नसेल, कानाला ऐकू येत नसेल, परीक्षक अनोळखी असेल, तर एक-दोन गुण इकडचे तिकडे होतातच. म्हणून दोन गुण कमी झाले म्हणून घाबरू नये आणि एक वाढला म्हणून पेढे वाटू नयेत. शिवाय हा उतार सरळ रेषेत जात नाही. आरंभी मंद असतो, मध्ये जोर धरतो, आणि शेवटी शेवटी परीक्षाच निरुपयोगी होते, कारण शून्याखाली गुण देता येत नाहीत.

आता त्या सत्तावीस गुणांकडे येतो. पेपर सोपा निघाला की हुशार मुलगा वर्षभर अभ्यास न करताही पैकीच्या पैकी गुण मिळवतो. त्याने अभ्यास केला नव्हता हे त्या पेपरातून कळत नाही. बडे अब्बांनी तारीख-वार फळ्यावर लिहिण्यात पस्तीस वर्षे घालवली होती. वजाबाकी तर त्यांच्या हाडीमाशी मुरलेली. पेपर त्यांच्यासाठी सोपा होता. खरी तूट दुसरीकडे पडली होती, जकातीच्या हिशेबात, जिथे चार गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवाव्या लागतात. ते त्या पेपरात विचारलेच नव्हते.

याच्या अगदी उलट माझ्या नानीचे झाले. नानीला अक्षरओळख नव्हती. एका तपासणी शिबिरात तिला तारीख विचारली. तिने शाबानची अठरावी असे सांगितले, आणि ती त्या दिवशी शाबानची अठरावीच होती! परंतु समोरच्याच्या कागदावर इंग्रजी महिना होता, म्हणून उत्तर चूक धरले. शंभरातून सात वजा करणे तिने जन्मात केले नव्हते. वाक्य लिहिण्याचा तर प्रश्नच नाही. तिच्या कागदावर स्मृतिभ्रंशाचा संशय असल्याचा शेरा पडला. नानी त्यानंतर दहा वर्षे शाबूत बुद्धीने जगली आणि नातवंडांच्या लग्नांतील देण्याघेण्याचा तोंडी हिशेब तिने कधी चुकवला नाही.

ही अडचण जाणकारांच्या ध्यानात आली नव्हती असे नाही. हरियाणातील बल्लभगढ भागात, जिथे पुष्कळ वृद्ध निरक्षर होते, मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच परीक्षेचे हिंदी रूप तयार करून १९९५ साली प्रसिद्ध केले. त्यांनी नुसते भाषांतर केले नाही. शंभरातून सात वजा करण्याऐवजी विसातून तीन वजा करायला सांगितले. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी एखादे वाक्य तोंडाने बोलायचे. कागदावरची सूचना वाचून डोळे मिटण्याऐवजी, माझ्याकडे पाहा आणि मी करतो तसे करा, असे म्हणून परीक्षकाने डोळे मिटायचे. किती साधी गोष्ट, पण तीमुळे निरक्षर माणूस वेडा ठरत नाही.

तेव्हा पालकहो, मोजपट्टी माणसाला साजेशी नसेल तर न शिकलेल्या बाया आजारी नसताना आजारी ठरतात आणि शिकलेले पुरुष आजारी असून निरोगी ठरतात. याहून मोठी गोष्ट अशी की, एका माणसाची तुलना दुसऱ्याशी करून वेग कळत नाही. त्याची तुलना त्याच्याशीच, त्याच्या कालच्या रूपाशी करावी लागते. अमेरिकेतील सेंट लुइस येथे १९८२ साली क्लिनिकल डिमेन्शिया रेटिंग नावाची पद्धत प्रसिद्ध झाली, तिचे मूळ तत्त्व हेच आहे. त्यात घरच्या माणसाशी सविस्तर बोलतात आणि रुग्णाशी निराळे बोलतात. स्मरण, वेळ-ठिकाणाचे भान, विचार आणि निर्णय, बाहेरचे व्यवहार, घरचे उद्योग आणि स्वतःची निगा, अशा सहा बाबींत हा माणूस पूर्वी जसा होता त्यापेक्षा किती खाली आला, हे ठरवतात. पूर्वीही स्वयंपाक न करणारा माणूस आज स्वयंपाक करीत नाही, हा उतार नव्हे.

नव्या औषधांचा गाजावाजा आपण वर्तमानपत्रांत वाचला असेल. त्यांचे मापही याच पद्धतीने घेतात. लेकानेमॅब या औषधाच्या २०२२ साली जाहीर झालेल्या चाचणीत सहा बाबींचे मिळून अठरा गुण धरले होते. इथे गुण वाढणे म्हणजे आजार वाढणे. दीड वर्षात औषध न घेतलेल्यांचे सरासरी १.६६ गुण वाढले आणि औषध घेतलेल्यांचे १.२१. उतार थांबला नाही, मंदावला. आरंभीच्या अवस्थेतच ते देतात आणि मेंदूला सूज येणे, रक्तस्राव होणे असे धोकेही आहेत. २०२५ साली अमेरिकेत रक्ताच्या एका तपासणीलाही मान्यता मिळाली. पण मेंदूत रोगाचे डाग साचल्याचे ती सुचवते, माणूस किती वेगाने उतरणार ते सांगत नाही. यावर अधिक बोलण्याचा मला अधिकार नाही.

बडे अब्बांच्या सत्तावीसनंतर सोळा इतक्या लवकर का आले, याचे उत्तर मला न्यूयॉर्कमधील ब्राँक्स भागातल्या एका अभ्यासात सापडले. तो २००७ साली प्रसिद्ध झाला. तिथे ४८८ वृद्धांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले होते. त्यांपैकी ११७ जणांना पुढे स्मृतिभ्रंश झाला. त्यांच्या नोंदी मागे जाऊन पाहिल्या तेव्हा असे आढळले की, शालेय शिक्षणाच्या प्रत्येक जादा वर्षामागे स्मरणशक्तीची घसरण सुमारे अडीच महिने उशिरा सुरू झाली होती. आपल्यासारख्या शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून हे सांगताना छाती फुगते. पण त्याच अभ्यासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे: एकदा घसरण सुरू झाली की, अधिक शिकलेल्यांची घसरण अधिक वेगाने झाली. याचा अर्थ शिक्षणाने नुकसान केले असा नव्हे. गावातील हमरस्ता बंद पडला तरी ज्याला गल्लीबोळ ठाऊक आहेत तो वेळेवर पोहोचतो, आणि रस्ता बंद असल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. लक्षात येते तेव्हा बहुतेक बोळही बंद झालेले असतात. रोग आत पुष्कळ पुढे गेलेला असतो. आपल्याला दिसतो तो उशिरा. म्हणून घरात शिकलेला बुजुर्ग असेल तर अधिक लवकर आणि अधिक बारकाईने पाहावे लागते.

इथे जाता जाता एक गोष्ट. कित्येक पालक तक्रार करतात की, घरी दखनी, मदरशात उर्दू-अरबी, शाळेत मराठी आणि वर इंग्रजी, अशाने मुलांची डोकी बिघडतील. हैदराबाद येथे डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध केला. दोन वा अधिक भाषा बोलणाऱ्यांना हा रोग एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेचार वर्षे उशिरा जडलेला आढळला, आणि निरक्षरांतही हा फरक दिसला. तेव्हा मुलांच्या डोक्याची काळजी नसावी.

आता माझी चूक. सोळा गुण ऐकल्यावर मी ठरवले की वेगावर लक्ष ठेवायचे, आणि रोज संध्याकाळी बडे अब्बांची परीक्षा घ्यायला लागलो. आज वार कोणता? मी कोण? सकाळी काय खाल्ले? पाहुण्यांसमोरसुद्धा विचारीत असे. ज्यांनी मला पाढे शिकवले त्यांना मी "चूक" म्हणत होतो. पंधरा दिवसांत ते बाहेरच्या खोलीत येईनासे झाले. माझी पावले ऐकली की पांघरूण ओढून घेत. मी वहीत लिहिले, "लोकांत मिसळत नाहीत, आजार वाढला." बडी अम्मींनी ती वही पाहिली आणि म्हणाल्या, "मास्तर तू शाळेत. या घरात तू त्यांचं पोर आहेस. तुझ्या भीतीनं ते बाहेर येत नाहीत, त्यात आजार कुठला?" आई-वडिलांना म्हातारपणी 'उफ्' सुद्धा म्हणू नये, हे आपण मुलांना दीनियातच्या तासाला शिकवतो. मी तर रोज पेपर काढीत होतो.

बडी अम्मी चौथी शिकलेल्या. परंतु आमच्यात खरी नोंद त्यांच्याजवळ होती. कोणत्या ईदपर्यंत ते स्वतः बाजारातून गोश्त आणत, कधी सुटे पैसे मोजायचे थांबले, कधी मशिदीतून येताना पहिल्यांदा दुसऱ्याच्या दारात उभे राहिले, हे सारे त्यांना महिन्यासह ठाऊक होते. इज्जतीपोटी त्या बोलल्या नव्हत्या, आणि आम्हीही कधी विचारले नव्हते.

त्यानंतर वही माझ्याकडून काढून माझ्या पुतणीकडे दिली. ती तेव्हा अकरावीत होती. विद्यार्थी मित्रांनो, हे काम तुम्ही आमच्यापेक्षा चांगले करता. तिने बडी अम्मींना विचारून बडे अब्बांची स्वतःची सहा कामे निवडली: वर्तमानपत्र वाचून त्यातले काही सांगणे, दुकानातून एक वस्तू आणणे, वुजू क्रमाने करणे, नमाजच्या रकाती, कपडे घालणे, आणि घरच्या माणसांना हाक मारणे. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ती नुसती पाहत असे, विचारीत काही नसे, आणि जे घडले तेवढेच लिही. 'विसरतात' असे न लिहिता 'साबण आणायला गेले, काडेपेटी घेऊन आले, स्वतः हसले' असे लिही. त्या हसण्याची नोंदही कामाची ठरली, कारण चार महिन्यांनी पुन्हा तसेच झाले तेव्हा ते हसले नव्हते. आपण चुकलो हेच त्यांना कळले नव्हते. तपासणीच्या वेळी ही दोन पाने डॉक्टरांपुढे ठेवली तेव्हा त्यांनी ती दोनदा वाचली.

रकातींविषयी एक खुलासा. रकातीत चूक कोणाचीही होते, त्यासाठीच सजदा-ए-सहव आहे; एका चुकीवरून कोणाला रोगी ठरवू नका. आणि पाठ असलेल्या गोष्टींवरून अंदाज बांधू नका. बडे अब्बांना मुलांची नावे आठवत नव्हती तेव्हाही सूरह फातेहा आणि एकोणतीसचा पाढा अडखळल्याशिवाय येत असे. पाहुणे म्हणत, "काही झालेले नाही त्यांना." जुने आणि हजारदा घोकलेले सर्वांत शेवटी जाते, ताजे आधी जाते.

वहीचा आणखी एक उपयोग झाला, तो मात्र आवर्जून सांगतो. एकदा तीन दिवसांत बडे अब्बा इतके खालावले की बसल्या जागी बडबडू लागले, दिवसा झोपू लागले, रात्री भिंतीशी बोलू लागले. नातेवाईक म्हणाले, आता शेवटची अवस्था आली. पुतणीने वही दाखवली: गेल्या महिन्यापर्यंत उतार हळूहळू होता. अल्झायमर तीन दिवसांत असा कोसळत नाही. दवाखान्यात नेले तेव्हा लघवीचा संसर्ग निघाला. औषधाने आठवड्याभरात पुष्कळ सावरले. अंगात ताप, शरीरातील क्षार कमी होणे, बद्धकोष्ठ, डोक्यावर आपटणे, झोपेची किंवा सर्दीची नवी गोळी, यांपैकी कशानेही असे होऊ शकते. दिवसांत झालेला बदल वाटेल तेव्हा दाखवा, पुढच्या तारखेची वाट पाहू नका. तसेच रमजानमधील नोंदी वेगळ्या ठेवा. त्या महिन्यात घरातील झोपेच्या, जेवणाच्या आणि गोळ्यांच्या वेळा बदलतात. आमच्या वहीत दर रमजानला खळगा दिसतो आणि शव्वालमध्ये तो थोडा भरून येतो. आजारी माणसाने रोजा ठेवावा की नाही, याविषयी डॉक्टर आणि मौलवीसाहेब या दोघांनाही आधी विचारून घ्यावे.

वेग कळून करायचे काय, असे कोणी विचारील. रोग तर थांबत नाही. आमच्यापुरते सांगतो. बँकेच्या खात्यावर दुसऱ्याचे नाव लावणे, शेतीचे कागद, बडे अब्बांच्या मनात कोणाला काय द्यायचे होते ते त्यांच्या तोंडून ऐकणे, या गोष्टी सत्तावीसच्या वेळी झाल्या असत्या. बावीसच्या वेळी घाईने काही झाल्या. सोळाच्या वेळी त्यांची सही जुळेना. उमरा करण्याची त्यांची फार इच्छा होती. "पुढच्या वर्षी जाऊ," असे आम्ही दोन वर्षे म्हणालो. वही तेव्हा असती तर पुढचे वर्ष कसे असणार, याचा थोडा अंदाज आला असता.

पुतणीच्या वहीची आखणी मी एका कागदावर उतरवून घेतली आहे. तिच्या प्रती शाळेच्या कार्यालयात ठेवल्या आहेत. सहा रकाने मोकळे आहेत; ते आपल्या घरच्या बुजुर्गांच्या रोजच्या कामांप्रमाणे आपणच भरायचे आहेत. ज्यांना काही विचारायचे असेल त्यांनी मधल्या सुट्टीत मला भेटावे. खुदा हाफिज.